घर सुटतं, गाव बदलतं, तेव्हा मनाकडे बघा

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या गुंद, उळवी, जोयडा या पट्ट्यात माणसाचं वय घर सोडण्याच्या हिशेबाने मोजता येतं. गावातली शाळा संपली की मूल वसतिगृहात नाहीतर आत्या-मावशीकडे जातं. बारावी झाली की मुलगा गोव्यात, बेळगावात, बेंगळुरूत. मुलगी लग्न होऊन डोंगरापलीकडच्या वाड्यात. मागे उरतात म्हातारे आईबाप आणि पोफळीची बाग. काहींचं तर अख्खं गावच हललं. काळी नदीवरचं सुपा धरण १९८७ मध्ये पुरं झालं, तालुक्याचं जुनं ठिकाण असलेलं सुपा पाण्याखाली गेलं आणि माणसं रामनगरला येऊन वसली.

मानसिक आरोग्याची पुस्तकं आयुष्याचे टप्पे पाडतात. एरिक एरिकसन या मानसशास्त्रज्ञाने १९५० मध्ये जन्मापासून म्हातारपणापर्यंत असे आठ टप्पे मांडले आणि प्रत्येक टप्प्यावर मनापुढे एकेक पेच उभा राहतो असं म्हटलं. चार आश्रमांची कल्पना आपल्यात मुरलेली असल्यामुळे हे पटकन पटतं. मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी तर या दोन्हींची सांगड घालून दाखवली. माझा एकच आक्षेप आहे. टप्प्यांचा तक्ता वाचला की वाटतं, अमुक वय झालं म्हणजे अमुक त्रास होणारच. खरं तर त्रास वाढतो तो एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना, आणि जाताना सोबत कोण आहे यावर तो किती वाढणार हे ठरतं. जोयड्यात हे जाणं बसने होतं, म्हणून ते डोळ्यांना दिसतं. दिसतं, तर त्यावर लक्षही ठेवता येतं. हा लेख त्यासाठी आहे. गुंदच्या वाचकांसाठी आहे, आणि कोकणात, चंदगडात, गोव्यात, जिथे जिथे घरं अशीच रिकामी होत चालली आहेत तिथल्या वाचकांसाठीही.

आधी जागेबद्दल बोलू, कारण इथे जागा हाच मोठा सामाजिक घटक आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात क्षेत्रफळाने जोयडा सर्वांत मोठा तालुका, पण २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम ५२ हजार. बराच भाग काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. कुणब्यांचे वाडे चार-सहा घरांचे आणि एकमेकांपासून लांब. हव्यक ब्राह्मणांच्या बागा ओहोळाच्या कडेने, एकेका घराच्या. गवळी धनगरांच्या वस्त्या आणखी आत. घरात कोंकणी किंवा मराठी, शाळेत कन्नड, दवाखान्यात डॉक्टरला जी येईल ती भाषा. पावसाळ्यात झाडं पडतात, वीज जाते, फोनला रेंज हवी तर टेकडी चढावी लागते. अशा ठिकाणी एखादं माणूस आठ दिवस कुणाशी धड बोललेलं नाही, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. कामं चालू असतात, गुरं सोडली-बांधली जातात, चूल पेटते. म्हणजे सगळं ठीक आहे असं शेजारी धरून चालतो.

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभर मानसिक आरोग्याचं सर्वेक्षण केलं. दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला उपचारांची गरज असलेला मानसिक त्रास आढळला. त्याहून वाईट आकडा पुढचा आहे. वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. गुंदसारख्या ठिकाणी हे प्रमाण बरं असेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

शाळेसाठी बाहेर पडलेलं मूल

दहा-बारा वर्षांचं मूल पहिल्यांदा घराबाहेर राहिलं की काही आठवडे रडणार, पोट दुखतं म्हणणार, जेवणाला नावं ठेवणार. यात घाबरण्यासारखं काही नाही. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी फोन करा आणि तो चुकवू नका. मुलाला आठवड्यात सात फोन नको असतात, एक खात्रीचा हवा असतो. पण महिना-दीड महिना उलटूनही मूल जेवत नसेल, अंथरूण ओलं करू लागलं असेल, अभ्यासात एकदम मागे पडलं असेल, सुट्टी संपायच्या आदल्या रात्री त्याला दरवेळी उलट्या होत असतील, तर मास्तरांना आणि वॉर्डनला जाऊन भेटा. कधी यामागे मोठ्या मुलांचा जाच असतो, कधी एखाद्या मोठ्या माणसाचा नको तो स्पर्श. मूल काही सांगू लागलं तर मध्ये बोलू नका. ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ हे वाक्य एकदा ऐकलेलं मूल दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा फोन आहे, तो मुलालाही पाठ असू द्या.

घरी कोंकणी-मराठी बोलणारं मूल कन्नड वर्गात वर्षभर गप्प बसू शकतं. ते मठ्ठ नसतं, ऐकत असतं. त्याच्या बाकावर घरची भाषा बोलणारं दुसरं मूल बसवा, एवढी विनंती मास्तरांना करायला कुणाची परवानगी लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मानसिक आजारांपैकी निम्म्यांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आत होते. म्हणजे जे वय आपण ‘अजून लहान आहे’ म्हणून सोडून देतो, त्याच वयात पाया ढासळू लागलेला असतो. आणि एक दिवस पंचांगात नसला तरी घरातल्या मोठ्यांनी लक्षात ठेवावा: एसएसएलसीच्या किंवा पीयूसीच्या निकालाचा. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या निकालाचा. त्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस मूल एकटं राहू नये. नापास झाल्यास पुन्हा परीक्षा देता येते, हे निकालाच्या आधी सांगून ठेवा. नंतर सांगितलेलं डोक्यात शिरत नाही.

गोव्याची नोकरी, आणि न जमलेलं लग्न

गोव्यात हॉटेलात, कारखान्यात, बांधकामावर लागलेला पोरगा महिन्याला पैसे पाठवतो, म्हणजे त्याचं बरं चाललंय असं घरचे समजतात. पैशावरून मनाचा अंदाज घेऊ नका. शिमग्याला किंवा उळवीच्या जत्रेला तो घरी येतो तेव्हा नीट बघा. झोप उलटीपालटी झाली आहे का, वजन उतरलंय का, मित्रांत बसतो की खोलीत पडून राहतो, पिणं किती वाढलंय, फोनवरच्या जुगारात किंवा ॲपवाल्या कर्जात अडकलाय का. चौकशी जत्रेच्या गर्दीत करू नका. बरोबर बागेत घेऊन जा, पोफळी दाखवत दाखवत विचारा. काम करता करता पुरुष जेवढं बोलतात तेवढं समोरासमोर बसवून बोलत नाहीत.

विशीच्या आसपास आणखी एक गोष्ट घडते, ती कमी घरांत, पण घडते तेव्हा घर हादरतं. चांगला हुशार मुलगा किंवा मुलगी हळूहळू संशयी होते, कुणीतरी आपल्याविरुद्ध कट करतंय म्हणते, कानात आवाज येतात म्हणते, एकटीच हसते-बोलते, अंघोळ सोडते. बहुतेक घरं पहिल्यांदा देवाकडे जातात. कौल लावतात, घाड्याकडून गाऱ्हाणं घालून घेतात. मी याला हसणार नाही. देवळात जाऊन घरच्यांचा धीर टिकत असेल तर जावं. अट एवढीच की त्याच आठवड्यात डॉक्टरकडेही जावं. असा आजार जितका लवकर औषधाखाली येईल तितका माणूस पुन्हा कामाधंद्याला लागण्याची शक्यता जास्त. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात मानसोपचाराचे डॉक्टर दर्ग्याच्या मुजावरांबरोबर काम करत आले आहेत. तिथे दवा आणि दुआ एकाच आवारात मिळते. आपल्याकडचे घाडी आणि समाजाचे पुढारी बुधवंतही पेशंटला ‘दवाखान्यातही जाऊन ये’ असं सांगू शकतात, आणि त्यांनी सांगितलं तर डॉक्टरच्या सांगण्यापेक्षा ते जास्त ऐकलं जातं. मात्र बांधून ठेवणं, चटके देणं, उपाशी ठेवणं हे कुठल्याही देवाच्या नावाने खपवून घेऊ नका. तमिळनाडूत एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण पळू न शकल्यामुळे मेले. साखळीने बांधून ठेवणं आता कायद्याने बंद आहे.

मग लग्नाचा प्रश्न. बाग आहे, घर आहे, जोडधंदा आहे, पण मुलगी मिळत नाही, असे तिशी-चाळिशीतले तरुण या पट्ट्यात गावोगाव आहेत. ही एकट्या उत्तर कन्नडची गोष्ट नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुण नवरदेवाच्या वेशात घोड्यावर बसून मोर्चाने जिल्हाधिकारी कचेरीवर गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये मंड्याच्या तरुणांनी लग्न जमावं म्हणून महदेश्वर बेट्टाला पदयात्रा काढली. वर्तमानपत्रांनी ते गमतीने छापलं. त्यात गंमत फारशी नाही. मुलींची संख्या कमी झाली हे आपल्या पिढ्यांनी केलेलं पाप आहे, आणि उरलेल्या शिकलेल्या मुलींना एसटी नसलेल्या, दवाखाना नसलेल्या गावात का यायचं नाही हे समजण्यासारखं आहे. पण त्याची किंमत हा एकेकटा पोरगा चुकवतो. आपल्या समाजात लग्न झाल्याशिवाय माणूस पुरता मोठा धरला जात नाही. घरच्या बैठकीत त्याचं मत विचारत नाहीत, आणि प्रत्येक कार्यात ‘तुझं कधी?’ हा एकच प्रश्न त्याच्या वाट्याला येतो. हा प्रश्न विचारणं थांबवा. त्याला देवस्थानच्या कमिटीत, सोसायटीत, शाळेच्या कामात जबाबदारीची जागा द्या. लग्नाची वाट बघण्यापलीकडे गावात त्याला काही स्थान असेल तर तो दारूच्या दुकानापासून लांब राहण्याची शक्यता वाढते.

बाळंतीण

या लेखात मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे ते हिच्याबद्दल, कारण हिच्याकडे सगळं घर बघत असतं आणि तरी हिचं दुखणं दिसत नाही. सगळ्यांचे डोळे बाळावर असतात.

लग्न होऊन आलेल्या मुलीचं एका वर्षात घर बदलतं, कधीकधी नावही बदलतं, कामाची पद्धत बदलते, आणि मैत्रिणी सगळ्या मागे राहतात. वाड्यात चार घरं, त्यातली दोन नात्यातली. मग दिवस जातात. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, तीन महिन्यांनी ती बाळाला घेऊन परत येते, आणि मदतीचे हात अर्ध्यावर येतात. बाळंतपणानंतर पहिल्या आठ-दहा दिवसांत उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे पुष्कळ जणींना होतं आणि आपोआप जातं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस उदासी टिकली, बाळ निजलं तरी हिला झोप येत नाही, कशात रस नाही, ‘मी चांगली आई नाही’ असं सारखं मनात येतं, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नाही, तर तो आजार आहे. तो बरा होतो, पण उपचार करावे लागतात.

गोव्यात मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बाळंतिणींचा अभ्यास केला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य सापडलं. कारणं कोणती निघाली? गरिबी, नवऱ्याशी पटत नसणं आणि त्याचा मार, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी, विशेषतः आधीची मुलगी घरात असताना. यातलं एकही कारण त्या बाईच्या डोक्यात जन्मलेलं नाही. ती सगळी घरातली आणि समाजातली आहेत. म्हणजे औषधाचा काही भाग सासूच्या, नवऱ्याच्या आणि नणंदेच्या हातात आहे. मुलगी झाल्यावर पेढ्यांऐवजी शांतता वाटणारं घर त्या बाईला आजारी पाडायला मदत करत असतं. हे कडू आहे, पण खरं आहे.

सासूबाईंना दोन गोष्टी सांगतो. रात्री एकदा तरी बाळ तुम्ही घ्या, म्हणजे तिला सलग चार-पाच तास झोप मिळेल. याहून स्वस्त औषध नाही. दुसरं, माहेरच्या फोनला आडकाठी करू नका. आणि नवऱ्यांना: आशाताई बाळाचं वजन करायला येते तेव्हा घरी थांबा आणि बायकोला झोप येते का, हे आशाताईला सांगा. बाळ अंगावर पीत असतानाही चालतील अशी औषधं आहेत, म्हणून ‘औषध नको, दूध बिघडेल’ म्हणून टाळाटाळ नको. डॉक्टरला मात्र आवर्जून सांगा की बाळ अंगावर पितं.

एक धोक्याची खूण वेगळी ओळखून ठेवा. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाई अचानक दोन-तीन रात्री झोपलीच नाही, भलतंसलतं बोलू लागली, बाळाबद्दल विचित्र भीती किंवा कल्पना सांगू लागली, तर सकाळची वाट बघू नका. त्याच दिवशी गाडी करून मोठ्या रुग्णालयात न्या. आई आणि बाळ दोघांच्या जिवाचा प्रश्न असतो. अशा वेळी बाळाला आईपासून तोडायचं नाही, पण दोघांना एकटं सोडायचंही नाही.

कर्त्या माणसाची पडती बाजू

पन्नाशीच्या आतबाहेरचा कर्ता पुरुष ‘मला टेन्शन आहे’ असं म्हणत नाही. तो छातीत धडधडतं म्हणतो, डोकं भणभणतं म्हणतो, अंगात ताकद नाही म्हणतो. ईसीजी चांगला येतो, रक्त चांगलं येतं, टॉनिक दिलं जातं. अशा वेळी घरच्यांनी डॉक्टरला झोपेचं, कर्जाचं आणि दारूचं सांगावं, कारण तो स्वतः सांगणार नाही.

त्याच्या मागे कारणं खरी असतात. पावसाळ्यात कोळेरोगाने सुपारी गळते, माकडं बागा लुटतात, दर पडतात. गवळी धनगर पिढ्यान्‌पिढ्या म्हशी पाळत आले. त्यांच्या घरांत मराठीचीच एक बोली बोलतात. जंगलात चराईवर निर्बंध आले तसे पुष्कळांना म्हशी विकून मजुरीला जावं लागलं. ज्याची ओळख चाळीस म्हशींचा धनी अशी होती, त्याला दुसऱ्याच्या बागेत रोजंदारीवर उभं राहताना काय वाटत असेल, हे कुठल्याही चाचणीत मोजता येत नाही. सुप्याहून उठून रामनगरला आलेल्यांचंही तेच झालं. जमीन, देव, शेजार सगळं एकदम तुटलं. व्याघ्र प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या कुटुंबांना सरकार भरपाई देतं, ती योग्यच आहे. पण उठून आलेल्या कुटुंबांची घरं नव्या जागी जुन्या शेजारानुसार बसवावीत आणि जुना देव बरोबर आणावा, एवढं साधं सूत्र पाळलं तरी कितीतरी त्रास वाचेल. यावर पंचायतीत बोलता येतं, बोलावं.

दारूबद्दल एकच पण महत्त्वाचं. रोज भरपूर पिणाऱ्याने देवासमोर शपथ घेऊन एकदम सोडली की दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, घाम, भास, फिट येणं असं होऊ शकतं, आणि त्यात जीव जाऊ शकतो. सोडायचीच आहे, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांनी दाखवून दिलं की दारू सुटते, आणि घरच्यांना बरोबर घेतलं की सुटलेली टिकते.

घरातली कीटकनाशकं आणि तणनाशकं कुलपात ठेवा, किल्ली एकाच माणसाकडे. बागाईत घरात हे पाळणं कंटाळवाणं आहे, तरी पाळा. श्रीलंकेने घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण सत्तर टक्क्यांहून जास्त खाली आलं. टोकाचा विचार पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो.

मागे राहिलेले

म्हाताऱ्या माणसाचं नैराश्य कधीकधी विसराळूपणासारखं दिसतं. जेवण कमी होतं, किरकोळ दुखणी वाढतात, ‘आता काय राहिलंय’ हे वाक्य वारंवार येतं. वय झालं म्हणून हे सोडून देऊ नका. आधी कान आणि डोळे तपासा. ऐकू न येणारं माणूस गप्पांतून बाहेर पडतं, आणि पुढे स्मृतिभ्रंशाचा धोकाही वाढतो. कानाचं यंत्र घेऊन दिलं तर ते वापरायला शिकवायलाही एक दिवस द्या.

त्यांना आराम द्यायच्या नादात काम काढून घेऊ नका. जोयड्याला दरवर्षी कंदमुळांचा मेळा भरतो. मुडली, कोन आणि कितीतरी जातींचे कंद कुणबी बाया-पुरुष घेऊन येतात. कुठला कंद कुठल्या मातीत, कधी लावायचा आणि कधी काढायचा, हे घरातल्या जुन्या माणसांनाच माहीत असतं. ज्या आजीला वर्षातून एकदा असं विचारायला माणसं येतात, तिला आपण कुणालातरी लागतो हे कळतं. तुमच्या घरात कंद नसतील, तर बियाणं असेल, लोणच्याची पद्धत असेल, देवाच्या पालखीचा क्रम असेल. विचारा, आणि सांगितलेलं करून दाखवा.

बेंगळुरू-पुण्यातल्या मुलांना: व्हिडिओ कॉलवर ‘जेवलात का’ विचारून थांबू नका. शेजारच्या एका घराचा नंबर घेऊन ठेवा आणि त्यांनाही महिन्यातून एक फोन करा. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मदत फोन आहे.

शेजारी काय करू शकतो

मनोविकारतज्ज्ञ लांब आहे म्हणून काहीच करता येत नाही, हा समज गोव्यातच खोटा ठरला आहे. संगथ ही संस्था तिथे १९९६ पासून काम करते. तिने मानसोपचाराचं काहीही शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना तयार केलं आणि दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ लोकांवर तिने उपाय तपासला, निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. सहा ते आठ भेटी एवढाच उपाय. तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत ३९ टक्के बरे झाले होते. भेटी मिळालेल्यांत ६४ टक्के.

त्या भेटींत गूढ असं काही नव्हतं. नैराश्यात माणूस कामं सोडतो, कामं सोडली की आणखी उदास होतो, आणखी सोडतो. हे चक्र उलटं फिरवायचं. पूर्वी काय केलं की बरं वाटायचं, ते विचारायचं. त्यातलं एक अगदी छोटं काम ठरवायचं, कधी आणि कुणाबरोबर तेही ठरवायचं. पुढच्या भेटीत ते झालं का, केल्यावर कसं वाटलं, एवढं विचारायचं. ‘मन खंबीर कर’ हा सल्ला त्यात कुठेच नाही. गुंदात हे कुणीही करू शकतं: ‘उद्या सकाळी माझ्याबरोबर ओढ्यापर्यंत चल, गुरं सोडून येऊ.’ तो आला नाही तर परवा पुन्हा जा. उपदेश करायचा मोह आवरा, तो आवरणं हेच या कामातलं अवघड काम.

कुणी ‘जगून काय करू’ असं म्हटलं, किंवा एकाएकी वस्तू वाटू लागला, निरवानिरव करू लागला, तर सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट माणसाला मोकळं वाटतं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. पोलिसांच्या भीतीने लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा माणसाला शिक्षेऐवजी मदत मिळण्याचा हक्क दिला आहे.

डॉक्टर कुठे? जवळच्या आरोग्य केंद्रातून सुरुवात करा. कर्नाटकात मनोचैतन्य योजनेखाली ठरलेल्या मंगळवारी तालुका रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ येतात. जोयड्याला किंवा दांडेलीला कुठला मंगळवार, हे आशाताईकडून विचारून घ्या. त्यापुढे कारवारचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, धारवाडची डिमहान्स ही मानसोपचार संस्था, आणि गोव्याकडे जाणाऱ्यांना बांबोळीची मनोविकार संस्था. तरुणांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी युवा स्पंदन केंद्र आहे. डॉक्टरकडे जाताना घरची भाषा आणि कन्नड दोन्ही येणारं माणूस बरोबर न्या, पण ते गावगप्पा करणारं नसावं. औषध सुरू झाल्यावर दोन ते चार आठवडे फरक दिसत नाही, म्हणून आठव्या दिवशी बंद करू नका. बरं वाटलं म्हणूनही आपल्या मनाने बंद करू नका.

बस चुकली, रस्त्यावर झाड पडलं, रात्र झाली, तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून तो चालू आहे, चोवीस तास, फुकट, आणि कन्नड, मराठी, हिंदीसह वीस भाषांत. आज घरात रेंज मिळते ती जागा सगळ्यांना दाखवून ठेवा आणि हा नंबर रेशनकार्डाच्या मागे पेनाने लिहून ठेवा.